मारुतीचा डावा हात

१२ एप्रिल
सकाळी धरणावर. पाणी आणखी आत सरकलं. बुडालेल्या जुन्या गावातलं मारुतीचं देऊळ दारापर्यंत उघडं पडलंय. अंकुश ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून निवांत तरंगत होता, पाय पाण्यात. दुपारपर्यंत त्याला दोन मरळ मासे. मला बोटभर चिलापी. वीस वर्षं गळ टाकतोय मी. हा माझा साडू, गेल्या साली गावात राहायला आला.

१३ एप्रिल
मंदीनं बहिणीकडून मरळीचं कालवण आणलं. म्हणे, "अंकुशभाऊजीच्या हाताला गुण हाय." बायको माझी, गुण त्याचा. दोनदा वाढून घेतलं. चव होती, तेच जास्त लागलं.

१५ एप्रिल
मच्छीमार सोसायटीची मीटिंग. होडी एकच. यंदा पाणी चढल्यावर कुणाच्या ताब्यात द्यायची, ते सोमवारी ठरणार. आधी ती वडलांकडं होती, मग माझ्याकडं. चेअरमन म्हणाले, "अंकुश लई मेहनती हाय." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जळलो मी. इथं लिहितो, इथं कोण वाचतंय.

१६ एप्रिल
अंकुश आला. "पाव्हणं, जुन्या गावातली तुमची विहीर कुठं हाय? मोठी मरळ तितंच आसंल."
म्हणालो, "मारुतीच्या डाव्या हाताला."
खोटं नाही बोललो. देवाचा डावा हात, तिकडंच विहीर आहे. पण देवाकडं तोंड करून येणारा माणूस आपलाच डावा धरतो. त्या अंगाला पाण्याखाली बाभळी. मला ठाऊक होतं. त्याला पोहता येत नाही, तेही...

१७ एप्रिल
बाभळीचा काटा घुसून अंकुशची ट्यूब फुटली. मी काठावर होतो. उडी टाकली, केसाला धरून ओढून आणला. पाणी बरंच गिळलं होतं, आता ठीक आहे. त्याची बायको सुनी माझ्या पाया पडली. पाय मागं घेईपर्यंत उशीर झाला.
एवढ्या उन्हात मी काठावर कशाला गेलो होतो? वाचवायला, का बघायला?

१९ एप्रिल
पाराजवळ अंकुश लोकांना सांगत होता, "पाव्हण्यानं बरूबर सांगितलतं. देवाचा डावा म्हंजी देवाचा. माजीच अक्कल उलटी." त्याच्या या भोळेपणाचाही हेवा वाटतो. मला तेवढंही जमत नाही.

२१ एप्रिल, सोमवार
मीटिंगमध्ये अंकुशच उठला. "होडी पाव्हण्याला द्या. त्येंच्यामुळं मी हाय." सगळ्यांचे हात वर. चेअरमन म्हणाले, "बोला काहीतरी." उभा राहिलो. उद्या बोलतो म्हणून खाली बसलो.
घरी मंदी ओवाळायला दारातच. म्हटलं, हिला तरी सांगावं. तोंड उघडलं, तर तिनं साखर घातली.