तात्यांच्या पाकिटातली गोळी

काटेवाडी, मंगळवार संध्याकाळ

बारामतीच्या डॉक्टरांनी आज माझ्या वडिलांची, आबांची, रक्त पातळ करणारी गोळी बदलली. तपासणीत कळलं, जुनी गोळी त्यांच्या अंगाला जन्मतःच लागू पडत नाही. हृदयात स्टेंट बसवल्यापासून ती वायाच!

तरी घरी येताच आबांनी धाकट्या भावाकडे, तात्यांकडे, तीच गोळी मागितली. "तुला चालतीय न्हवं? सख्खं भाऊ आपण, रगत एकच हाय."

तात्या हसले. "घे की दादा! भाकरी वाटून खाल्ली, आता गोळी."

मी पाकीट हिसकावलं. चिडून बोललो.

पण रगत एकच, म्हणजे जन्मजात दोषही एकच असू शकतो. मग तात्यांना तरी ती लागू पडते का? त्यांनाही स्टेंट आहे, तपासणी मात्र नाही. उद्या डॉक्टरांकडे नेतो. तोवर बंद करा म्हणू? विचारल्याशिवाय तेही नको.

पाकीट मीच तात्यांना परत दिलं. आत्ता ते गोळी घेताहेत.