धडा पहिला: नाव विचारावे

५ जानेवारी १९५७, अंबरनाथ
पुण्याहून पोस्टाने लेखनाचे धडे आले. कथा-कादंबरी नाही, घडलेलं, खरं तेवढंच लिहायचं. वर्णन, आठवणी, प्रवासवर्णन, चरित्र असे प्रकार. धडा पहिला, नियम पहिला: भेटेल त्याचे नाव विचारावे. एवढं सोपं असेल तर जूनपर्यंत माझं पुस्तक होईल. कॉन्व्हेंटात कॉम्पोझिशनमध्ये मी कायम पहिली. उद्यापासून रोज तीन पानं.

१२ जानेवारी
एकही पान नाही. संक्रांतीच्या हलव्याला काटा येईना.

२२ जानेवारी
आठवणी पाठवल्या होत्या: शाळेतला पियानो, मेणाने घासलेली फरशी, मदरच्या बुटांचा आवाज. सरांचा शेरा आला: 'सुंदर. पण आपण कुणाला टाळत आहात काय?' पुण्यात बसून सरांना काय कळतं! मी कुणालाही टाळत नाही. लेकीचा, नीलिमाचा विषय घरात बंद आहे तो आमच्या यांच्यामुळे. तीन वर्षांपूर्वी तिनं उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न केलं. आम्ही गेलो नाही. तिची पत्रं हे फाडतात. मी टोपलीतले तुकडे बघते, एवढंच. एकावर 'कॅम्प नंबर तीन' आहे. तो धड्यांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलाय. खूण लागतेच.

२ फेब्रुवारी
धडा तिसरा: प्रवासवर्णन. लांब जायची गरज नाही, असं सरच लिहितात. तेव्हा कॅम्प नंबर तीन. निव्वळ अभ्यास. यांना महिला मंडळ सांगितलं. वाटेत भूक लागते म्हणून डिंकाचे लाडू घेतलेत. बावीस.

३ फेब्रुवारी
अभ्यास उत्तम झाला. टांग्याने गेले. बराकीमागून बराकी, खाटांवर पापड वाळत घातलेले. सहज म्हणून नीलिमाची चौकशी करत होते. सगळे नाही म्हणाले. शेवटच्या बराकीत एका म्हातारीनं बसवलं, आधी पापड आणि पाणी दिलं. म्हणाली, "नीलिमा इधर कोई नहीं, बहन. बहू हमारी भी मराठी है, जानकी. नल पे गई है." म्हणजे अशा मुली पुष्कळ आहेत. टिपून ठेवलं. झोळीत बाळ रडत होतं. मी झोका दिला, शाळेतली इंग्रजी अंगाई म्हटली, तेव्हा झोपलं. नाक थेट यांच्यासारखं बसकं; सिंध्यांतही असतं तर! टांगेवाला घाई करायला लागला. लाडवांचा डबा तिथंच विसरले.

१६ फेब्रुवारी
कारखान्यातून आल्यावर यांनी कोटाच्या खिशातून पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. न फाडलेलं. कडा मऊ झालेल्या. आठ दिवस खिशात होतं म्हणे. "वाच," म्हणाले, आणि पाय न धुता अंगणात जाऊन उभे राहिले.

'आई, पाणी घेऊन आले तर घरात तुझे लाडू. सासूबाई म्हणाल्या, एक मराठी बाई इंग्रजीत अंगाई म्हणत होती. अशी एकच आहे. तू झोपवलंस ती तुझी नात. इथं लग्नात मुलीचं नाव बदलतात, आई. मी आता जानकी. बारा तारखेला आम्ही सगळे इंदूरला जातोय, तिथला पत्ता अजून ठरलेला नाही. तोवर रोज दुपारी मी दाराशी बसेन.'

आज सोळा.

माझंही बदललं होतं. माहेरची मी उमा. यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'मालिनी' लिहिलं. मला सुचायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी
तरी गेले. कुलूप. शेजारणीनं माझा डबा परत दिला, घासून.

२० फेब्रुवारी
धडा चौथा: चरित्र. पहिल्या ओळीत पूर्ण नाव द्यावे. 'जानकी' लिहिलं. खाली नातीसाठी ओळ सोडली. तिचं नाव कार्डात नाही. नीलिमाला वाटलं असेल, एवढं तर आईनं विचारलंच असेल.

म्हातारी समोरच बसली होती. मी विचारलं नाही.