रोलमधले उरलेले फोटो

बाबा,

ताईची लेक चिखलदऱ्याहून आली. आजच्या पोरांना पुन्हा रोलच्या फोटोंची हौस आलीय; एकदा वापरून टाकायचा कॅमेरा घेऊन गेली होती. जाताना मी तिला तुमचंच सगळं सांगितलं : ऊन आपल्या पाठीशी हवं, माणूस चार पावलांवर, सावलीत फ्लॅश. रोल धुऊन आला, सत्तावीसच्या सत्तावीस फोटो स्वच्छ. कौतुक करायचं सोडून माझा जळफळाट झाला, या वयात.

आमच्या लहानपणी तुम्ही ताईला चिखलदऱ्याला नेलंत, कारण तिचा शाळेत पहिला नंबर आला होता. मी अकोल्यात आईजवळ मिरच्यांची देठं काढत बसले. तुम्ही परतलात तेव्हा रोलमध्ये चार-पाच फोटो शिल्लक होते. आई म्हणाली, हिचे काढून टाका, म्हणजे रोल संपेल. उरलंसुरलं नेहमी माझ्या वाट्याला. दुपारी तुम्ही झोपलात आणि मी अंगणात कॅमेरा मागून उघडला. मला ताईचे फोटो बघायचे होते. आत नुसती तपकिरी पट्टी. तशीच बंद केली.

संध्याकाळी तुम्ही कॅमेरा उचललात, किती फोटो झाले ते दाखवणारा वरचा आकडा पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत. हनुवटी वर कर म्हणालात आणि रोल संपेस्तोवर माझे फोटो काढलेत. चिखलदऱ्याचे जवळजवळ सगळे उजेड लागून पांढरेफटक आले. एसटीच्या कंडक्टरने काढलेला तुमचा आणि ताईचा फोटोसुद्धा. माझे चार मात्र झकास. ताई रडत माझ्या अंगावर धावली, तेव्हा तुम्ही मध्ये आलात.

"तिले काहून बोलून राहिली? कॅमेरा मीच उघडला."

मला वाटायचं, झाकण तुमच्याच हातून उघडलं असं तुम्हाला खरंच वाटलं असेल. परवा भाचीला तुमचा जुना कॅमेरा दाखवताना मागचं झाकण उघडलं आणि वरचा आकडा टपकन सुरुवातीला गेला. म्हणजे माझा पहिला फोटो काढण्याआधीच तुम्हाला कळलं होतं.

काल ताई म्हणाली, बाबांसोबतचा माझा एकही फोटो नाही. हे पत्र तिलाच द्यावं असं मनात आलं होतं. पण दिलं, तर त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी तिच्याशी खोटं बोललात हेही तिला कळेल. तेवढं एक मला तिच्याशी वाटून घ्यायचं नाही.