साडेचार बोटांचा पंजा

४ फेब्रुवारी

आले एकदाची कैरोत! एक ट्रंक, एक गादी, दोन कोंबड्या आणि मी. आठ मजले चढताना कोंबड्या शहाण्यासारख्या गप्प होत्या; मी मात्र प्रत्येक जिन्यावर शाजलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लग्नाआधी म्हणाला होता, भर शहरात घर आहे. गच्चीवरची एक खोली आहे आणि लिफ्ट माझ्या जन्माआधीपासून बंद आहे, हे सांगायला बरा विसरला!

पण वर आले, गच्चीचं दार ढकललं आणि राग कुठल्या कुठे गेला. अरुंद रस्त्याच्या पलीकडे, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, त्याचा टॉवर. तीस मजले होणार म्हणे, आत्ताशी सात झालेत. मधोमध पिवळी क्रेन, तिच्या टोकाला काचेची खोली, आणि त्या खोलीत बसणारा उस्ता, क्रेनचा उस्ताद, म्हणजे माझा नवरा! त्याच्या उजव्या हाताची अनामिका अर्धीच आहे, शिकाऊ असताना तारेच्या दोरात गेली. साखरपुड्याची अंगठी त्या थोटकात घालताना माझ्या बहिणी फिदीफिदी हसत होत्या. मला तोच हात सगळ्यात जास्त आवडतो. त्याला सांगितलं नाहीये, उगाच शेफारेल.

ही वही बाबांनी दिली. म्हणाले, इन्शिराह, तुझ्या जिभेला धार आहे. नवऱ्यावर चालवण्याआधी कागदावर चालव.

११ फेब्रुवारी

जेवणाची युक्ती जमली. दुपारी एक वाजता मी टोपली दोरीने खाली सोडते. त्यात रोटी, शिजवलेले बाकल्याचे दाणे, लोणच्यातले सलगम आणि वर निळ्या चौकड्यांचं फडकं. खालचा कोणी मजूर ती क्रेनच्या हुकाला अडकवतो आणि माझा स्वयंपाक आभाळात निघतो. बिल्डिंगच्या रखवालदाराची बायको, उम्म शलबी, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, आमच्या नशिबी अशी टोपली आली नाही गं बाई, आमचा म्हातारा स्वयंपाकघरातच बसून मागतो. उम्म शलबी वरच्या इजिप्तची, सोहागकडची. तिला सगळं माहीत असतं, आणि नसलं तरी ती सांगतेच.

मुकादम देसूकी फार हसरा माणूस. रस्त्यात भेटला की ओरडतो, वहिनी, आज मीठ जास्त होतं! म्हणजे माझी टोपली वाटेत कुठेतरी थांबते तर.

५ मार्च

आठव्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला. रिवाजाप्रमाणे मेंढा कापला, सगळ्या गड्यांनी रक्तात हात बुडवून नव्या खांबावर पंजे उमटवले, कामाला नजर लागू नये म्हणून. मांस गल्लीतल्या गरिबांना वाटलं. खांब माझ्या गच्चीच्या अगदी समोर, त्यामुळे कोणाचा पंजा कुठला ते मी आता ओळखते. अकरा आहेत. मुकादमाचा भाकरीएवढा. सेंट्रिंगवाला वहदान, त्याची करंगळी वाकडी. सळया बांधणारा गिरगिस, त्याचा अंगठा चपटा, हातोडीखाली आला होता. शाजलीचा पंजा कधीच नसतो. क्रेनवाला काम सोडून खाली कसा येणार?

२८ मार्च

आज हसून हसून पोट दुखलं. नवव्या मजल्याचा मेंढा मालाच्या लिफ्टमधून वर नेताना उधळला. त्याने चहाची किटली लवंडली, मुकादमाला शिंग मारलं आणि सळयांमधून पळत सुटला. अकरा गडी मागे, मेंढा पुढे.

जेवताना मी शाजलीला म्हटलं, कशाला त्या बिचाऱ्याला एवढं वर चढवता? लोखंडाला लावायचा तांबडा रंग ड्रमच्या ड्रम पडलाय तुमच्याकडे. बुडवा हात, मारा पंजे. लांबून कोणाला कळतंय? त्याला हसता हसता ठसका लागला. म्हणाला, उद्या मुकादमाला सांगतोच.

१५ एप्रिल

सांगितलं, आणि मुकादमाला पटलंही! शाजलीने माझं नाव घेतलं नाही, अक्कल स्वतःची म्हणून खपवली. दहाव्या मजल्याचे पंजे रंगाचे निघाले. वाळूचं वारं सुटलंय, आभाळ पिवळं आहे, त्यात ते पंजे भडक लाल दिसतात.

उम्म शलबीने विचारलं, या वेळी मांस आलं नाही ते? मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ती हसली नाही. हातातला ओला कपडा तसाच बादलीत टाकला आणि म्हणाली, पोरी, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? मी म्हटलं, मुकादमाच्या.

का खोटं बोलले कोण जाणे. घाबरण्यासारखं काय होतं त्यात?

१८ एप्रिल

एक गंमत. गंमतच म्हणायची. वहदान आठवडाभर फय्यूमला बहिणीच्या लग्नाला गेलाय. म्हणजे पंजे दहा हवेत. मी तीनदा मोजले, अकरा आहेत. अकराव्याची करंगळी वाकडी. बाकीचे रंगाचे आहेत तसे लालभडक, हा एकटा सुकून तपकिरी पडत चाललाय.

शाजलीला सांगितलं तर म्हणाला, कोणीतरी चेष्टा केली असेल. असेल बाई.

२३ एप्रिल

वहदान गेला. कालच परतला होता, बहिणीच्या लग्नातली मिठाई मलाही पाठवली होती. दहाव्या मजल्यावर फळी सरकली. मी दोरी सोडत होते, माझ्या टोपलीशेजारून गेला तो. ओरडलाही नाही.

मिठाई अजून खोलीत आहे. टाकवतही नाही, खाववतही नाही.

१४ मे

अकराव्या मजल्याला मुकादमाने परत रंगच वापरला. शाजली म्हणाला, मेंढ्याचं नाव काढलं असतं तर गड्यांनी म्हटलं असतं, वहदान तुमच्या चुकीने मेला. म्हणून कोणीच नाव काढलं नाही.

मी मान वर करून मोजले. गिरगिस दाढ काढायला गेला होता, त्याने पंजा मारला नाही. पण खांबावर चपट्या अंगठ्याचा पंजा आहे.

धावत खाली गेले. गिरगिसला रस्त्यात गाठलं, म्हटलं, भाऊ, आठ दिवस कामावर येऊ नकोस. गाल सुजलेला, तसाच हसला. म्हणाला, वहिनी, चार लेकरांना काय आठ दिवस उपास करायला सांगू?

१९ मे

गिरगिस. सळयांवर पडला. पुढचं लिहवत नाही.

२० मे

काम बंद. साहेब लोक येतात, मोजतात, जातात. शाजली घरी आहे. दिवसभर कोंबड्यांशी बोलतो. अशी सुट्टी मी मागितली नव्हती.

३ जुलै

दीड महिना बंद राहिलेलं काम आता सुरू होणार. मला राहवलं नाही, उम्म शलबीपुढे बसून सगळं सांगितलं. मेंढ्याची थट्टा, तांबडा रंग, आणि ते मुकादमाचं नव्हे, माझं डोकं. तिने मुळ्याच्या भाजीची जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, गावाकडे माझा बाप घरं बांधायचा. म्हणायचा, भिंतीला फसवलंत तर ती फसवणाऱ्याला शोधते. तिला डोळे नसतात, एकेक हात चाचपत येते. हा का? नाही. मग हा का?

मी विचारलं, सापडेपर्यंत? ती म्हणाली, सापडेपर्यंत.

मग मला जवळ घेऊन म्हणाली, एवढी रडू नकोस, म्हातारीच्या गोष्टी या. मोठं जनावर कापायला सांग.

१२ जुलै

वासरू कापलं! मुकादमाने स्वतः सुरी धरली. बाराव्याच्या खांबावर नऊ गड्यांचे नऊ पंजे, मांस गल्लीभर वाटलं. मी मोजून घ्यायला सांगितले, शाजलीने क्रेनवरून दोनदा मोजले. नऊच.

आज किती दिवसांनी मुलुखियाची पालेभाजी केली, लसणाची चरचरीत फोडणी दिली. शाजली म्हणाला, गिरगिसचं घर कोण चालवतंय ते बघून येऊ. जाऊन आलो. त्याची बायको माझ्याच वयाची आहे. तिच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

९ ऑगस्ट

तेरावा मजला. वासरू. पंजे नऊ, असं शाजली म्हणाला.

पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

१३ ऑगस्ट

टोपली परत आली. निळ्या फडक्यावर पंजा आहे. ओला. चार बोटं पूर्ण, अनामिका अर्धी.

ग्रीस असेल म्हटलं. ग्रीस काळं असतं. फडकं धुतलं, सोडा लावला, उकळलं. गेला नाही.

१४ ऑगस्ट

मुकादमाला रस्त्यात अडवलं. हसला नाही. म्हणाला, वहिनी, तेराव्यावर दहा आहेत. उस्ताने शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून.

१५ ऑगस्ट

भांडले. पाया पडले. म्हटलं, चल दमियातला, माझ्या माहेरी, बाबा बंदरावर कामाला लावून देतील, नाही तर मासे विकू. शाजली म्हणाला, मी उतरलो तर त्या खुर्चीत दुसरा कोणी चढेल. त्याचा हात उमटला तर? तो कोणाच्या तरी घरचाच असेल ना?

मी म्हटलं, असू दे! असू दे दुसऱ्या घरचा!

बोलले मी असं. देवा, बोलले.

१६ ऑगस्ट

आज क्रेनची तार तुटली. हुक रिकामा होता, रस्ता रिकामा होता. शाजली घरी आला, जेवला, चव चांगली आहे म्हणाला. तो रोटी मोडत होता, मी त्याच्या हाताकडेच बघत होते. तोच हात.

आता मला कळतंय. साइटवर रंगाचा तो शब्द त्याच्या तोंडून गेला. माझं नाव त्याने घेतलंच नव्हतं. भिंतीला वाटतंय, तोच.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

सगळे नमाजाला गेले. पहारेकरी ओळखीचा, उस्ताचं फडकं वर राहिलंय म्हटलं, सोडलं त्याने. तेरा मजले चढले. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं, पण खांब गार होता.

नऊ पंजे सुकलेले. दहावा ओला.

आधी घासलं. ब्रश, सोडा, नखं. जाईना. मग मोठ्याने म्हटलं, त्याचा नाही, माझा शब्द होता. मी म्हटलं होतं रंग लावा म्हणून. मी हसले होते. आणि त्याच्या पंजावर माझा पंजा ठेवला.

हात आतून कोणीतरी धरला. दाबला नाही. लहान मुलाचा हात धरावा तसा, ओळख पटवून घेत, एकेक बोट.

मग सोडला.

हात काढला तेव्हा त्या जागी एकच पंजा होता. लहान. पाचही बोटं पूर्ण.

घरी आले. फडकं बघितलं. कोरं!

खूप रडले, आनंदाने. शाजलीने विचारलं काय झालं. कांदा म्हटलं.

१८ ऑगस्ट

तार बदलेपर्यंत शाजलीला सुट्टी. सकाळी किती बडबडला! हिवाळ्यात दमियातला जाऊ, बाबांना क्रेनची गोष्ट सांगू. आत्ता गरम रोट्या आणायला खाली गेलाय. मी गच्चीत बसून लिहितेय.

माझा उजवा तळवा धुतला तरी लाल आहे. बरं आहे. त्याचा स्वच्छ आहे, तो झोपल्यावर बघितला.

क्रेन फिरतेय.

तिच्यात कोणी नाही. वारा नाही. दोरीवरचा एक कपडाही हलत नाहीये.

— क्रेनचा लांब हात रस्ता ओलांडून आला. आजवर कठड्याच्या अलीकडे कधी आला नव्हता. सावली कोंबड्यांवर आली, त्या गप्प झाल्या —

पळायला हवं. पण जिन्यात शाजली आहे. शीळ घालत चढतोय, सहाव्या मजल्यावर असेल. मी दाराशी गेले तर ते माझ्यामागे दाराशी येईल, आणि दारात तो —

उठले. गच्चीच्या दाराला माझ्या बाजूने कडी घातली. परत कठड्याशी येऊन बसले, दारापासून लांब. आता ठीक.

— हुक नाहीये त्याला. तार तुटली होती. तरी काहीतरी खाली येतंय —

शाजली दार ठोकतोय. म्हणतो, अगं बाई, उघड, रोट्यांनी हात भाजतायत! हसतोय. ओरडले तर दार तोडेल. ओरडणार नाही. थोडा वेळ ठोक राजा. थोडाच.

शाजली, तू हे वाचशील. तुझी ती अर्धी अनामिका मला सगळ्यात जास्त आवडायची, कधी सांगितलं नाही, शेफारशील म्हणून. गिरगिसच्या बायकोला जाऊन खरं सांग, आणि कोंबड्यांना पाणी

सावली आता वहीवर आलीय. गार आहे. हात पुढे करतेय मी, म्हणजे चाचपायला नको, म्हणजे दाराकडे जायला न