तिसऱ्याच्या आधी

अब्बा, काल आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावात माझा कार्यक्रम झाला. बाजाराशेजारच्या मैदानात, म्हणजे तुम्ही ज्या ओट्यावर तुरी-सोयाबीनच्या ढिगांच्या लिलावाची हर्रास बोलायचात, तिथून हाकेच्या अंतरावर. तुम्हाला ठाऊक नाही, पण माझ्या सगळ्यात गाजलेल्या रॅपमध्ये तुमचाच आवाज आहे. एक बार, दोन बार, तीन बार. तुम्ही गेल्यावर किती तरी वर्षांनी मी ते केलं, आणि आता पुण्या-नाशकातली पोरं तुमच्याबरोबर ओरडतात. मी एरवी कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण काळोख्या स्टेजवर पाठीमागून तुमचा आवाज आला की मला मागे वळून पाहायचा धीर होत नाही.

तो आवाज मी आठवीत असताना आईच्या बटणांच्या फोनवर घेतला होता. तुम्ही एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे चाललेले, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, एकाशी हिंदी, दुसऱ्याशी मारवाडी, शेतकऱ्याशी वऱ्हाडी. घरी तरी वेगळं काय होतं? तुमची उर्दू, आईची मेडशीकडची वऱ्हाडी. ईदला शीरखुर्मा, पोळ्याला पुरणपोळी, आणि दोन्हीकडचे नातेवाईक रुसलेले, त्यामुळे दोन्ही मला पोटभर. माझ्या तोंडाचा पट्टा असा चार भाषांत सुटला. एकदा आई भाकरी थापतेय, मी पिठाच्या डब्यावर ताल धरून यमकांवर यमकं फेकतेय, आणि तुम्ही दारात चपला काढत उभे आहात. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "इतक्या घाईनं बोल्ली तं समोरच्यानं बोलावं कधी?" मी दिवसभर फुगून बसले. तुम्ही जेवायला हाक मारली तरी उठले नाही.

आता मामाचं सांगते. आईनं तुमच्याशी लग्न केलं म्हणून त्यानं आपल्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही, हे तुम्ही जाणताच. तो गेल्या महिन्यात पहिल्यांदा घरी आला. थकलाय फार. चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला की नातवाच्या फोनवर तुझं गाणं ऐकलं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"तुह्या गाण्यात तुहा बाप थांबत नाही," तो म्हणाला.

कुठं थांबायचं, असं मी विचारलं.

"तिसऱ्याच्या आधी. दोन बार म्हने अन् आमच्या तोंडाकडं पाहे. भाव पटला नसला तं आमी 'नाही देत' म्हनो, ढीग माघारी. बाकीचे तेवढी जागाच देत नव्हते. म्हनून मी माही तूर त्याच्याच बोलीवर टाको."

ज्यानं तुम्हाला कधी साधा रामराम घातला नाही, तो दर हंगामात तुमच्याच ओट्यावर येत होता, आणि तुम्ही घरी कधी एका शब्दानं बोलला नाहीत. आई चुलीकडे तोंड करून रडली.

मी जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. तुम्ही थांबलेले ऐकू येतात. दोन बार, मग पोतं ओढल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, चिमण्या, मग तीन बार. तालात बसेना म्हणून संगीत करणाऱ्या मुलानं ती जागा कापून टाकली होती. त्याला कोण शिकवणार की ती रिकामी नव्हती! गावोगाव शेतकऱ्याचं तोंड दाबणारा एक हर्रासवाला तुमच्या आवाजात फिरत होता. मग रोज माझ्या पाठीमागे येऊन उभं राहत होतं ते कोण होतं, अब्बा?

तुम्ही गेलात त्या दिवशीही कुणी थांबलं नाही. सकाळी ओट्यावर छाती धरून बसलात, अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवर संपलात, आणि दिवस मावळायच्या आत माती दिली. माती लवकर द्यावी हा रिवाज, त्यात कुणाचा दोष नाही. आपल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून आई आणि मी उंबऱ्यात उभ्या राहिलो. जनाजा उचलताना मला काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते सुचेपर्यंत तुम्ही गल्लीच्या वळणावरून दिसेनासे झालात.

काल मी ती जागा परत घातली. दोन बार झालं आणि सगळं वाजणं बंद पडलं. पोरांना वाटलं वीज गेली. पण पुढच्या खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं एकदम ताठ झाली. त्यांच्यातच बसलेल्या मामानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी तुमच्यासारखी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

हे पत्र मेडशीच्या रस्त्यावरच्या कब्रस्तानाच्या फाटकाशी ठेवून येईन असं मनात होतं. नाही ठेवणार. वाऱ्यानं उडून कुणाच्याही हाती लागायचं.

एवढंच सांगायचं राहिलं. त्या थांब्यात मी माईक खाली केला आणि त्या दिवशी उंबऱ्यात सुचलं नव्हतं ते कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, नाही देत. तुम्ही थांबला होतात, अब्बा. मग तीन म्हणालात.