पहिली गाडी मीच चालवणार

४ मे, सोमवार
परक्या देशातल्या या कॅम्पात येऊन तीन दिवस झाले. दोन देशांच्या फौजा एकत्र काम करणार. गाड्या त्यांच्या, ड्रायव्हर आमचे. एकोणीस तारखेला पहिला ताफा निघेल : पिण्याच्या पाण्याचे बारा टँकर, घाट ओलांडून पलीकडच्या दवाखान्यापर्यंत. सगळ्यांत पुढची गाडी कोण चालवणार हा प्रश्नच नाही. बावीस वर्षं सर्व्हिस, गाडीला एक ओरखडा नाही. फोनवर हिला सांगूनही टाकलं, पहिल्या गाडीत मी. लेकीने लगेच शाळेत सांगितलं म्हणे. चांगलं केलं.

एक किरकोळ बाब. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि रस्त्याने उजव्या बाजूने जायचं. त्यासाठी टेस्ट ठेवली आहे. हसू आलं.

५ मे, मंगळवार, सकाळी
जोड्या लावल्या. आमचा एक, त्यांचा एक. माझ्या वाट्याला त्यांच्या सार्जंट मॅडम. वय सत्तावीसच्या आत. म्हटलं, पोरीला चार गोष्टी शिकवू. रुबाबात दार उघडलं, बसलो, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. समोर स्टिअरिंगच नव्हतं. मॅडम खाली उभ्या. मी खण उघडून गाडीची कागदपत्रं तपासली. कागदपत्रं तपासणं ही ड्रायव्हरची पहिली जबाबदारी. मग उतरून पलीकडच्या दाराने चढलो.

गिअर टाकायला डावा हात गेला की तो दारावरच्या काचेच्या बटणावर. पहिला गिअर, काच थोडी खाली. दुसरा, अर्धी खाली. तिसऱ्याला पूर्ण. वळायचा सिग्नल द्यायला गेलो तर वायपर फिरायला लागले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मागे बसलेल्या दुभाष्यामार्फत मॅडमनी विचारलं, गरम होतंय का? हो म्हणालो. काळजीवाहू बाई आहे.

७ मे, गुरुवार
संकल्प : रोज जेवणाआधी अर्धा तास सराव. खाटेवर बसायचं, हातात ताट हे स्टिअरिंग, उजवीकडे उभा केलेला बूट हा गिअर. आज पहिला दिवस. चौथ्या गिअरला सुभेदार साहेब राउंडवर आले. काय चाललंय म्हणाले. योगासनं म्हटलं. चालू द्या म्हणाले. बूट मात्र बराच वेळ बघत होते.

८ मे, शुक्रवार
पहिली टेस्ट. नापास म्हणता येणार नाही, कारण पूर्णच झाली नाही. कॅम्पातलं सर्कल मी उलटीकडून घेतलं. म्हणजे मी बरोबरच घेतलं, बावीस वर्षं घेतो तसं. समोरून त्यांची रुग्णवाहिका आली. मॅडमच्या पायाशी जादा ब्रेक आहे, तो त्यांनी दाबला. माझ्यावर विश्वास नसेल तर मी काय करणार?

साहेब म्हणाले, अजून दोन चान्स आहेत. हिला फोनवर सांगितलं, तयारी जोरात आहे. खोटं नाही.

११ मे, सोमवार
ड्रायव्हर कमी पडतायत म्हणून साहेबांनी आमच्या मेसच्या आचाऱ्यालाही टेस्टला बसवलं. या गृहस्थाने दोन वर्षांपूर्वी लायसन्स काढलं आणि त्यानंतर भाजीच्या गाडीशिवाय काही चालवलेलं नाही. मी त्याला प्रेमाने समजावलं, की मनाला लावून घेऊ नकोस, हे येरागबाळ्याचं काम नाही.

दुपारी : आचारी पास. पहिल्या फटक्यात. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आचारी मला म्हणाला, दादा, मला आधीचंच काही येत नव्हतं, त्यामुळे विसरायला काही नव्हतं. कोरी पाटी! अनुभवी माणसाला हीच अडचण. डोकं भरलेलं असतं.

१३ मे, बुधवार
दुसरी टेस्ट. अप्रतिम चालवली. काच वर, वायपर बंद, सर्कल सरळ. स्वतःवरच खूश होऊन गेटबाहेर पडलो, तर समोरून एक टँकर थेट माझ्या अंगावर. मी हॉर्न दिला. तोही हॉर्न देत राहिला. काच खाली करून (या वेळी मुद्दाम) मी त्याला खच्चून विचारलं, डोळे फुटले का? टँकरमध्ये आचारी. त्याने फक्त हाताने मला रस्त्याची दुसरी बाजू दाखवली. तिथे सगळी वाहनं व्यवस्थित, मला जायचं होतं त्याच दिशेने चालली होती.

साहेब म्हणाले, जित्याची खोड. पुढची अर्धी म्हण त्यांनी गिळली, हे त्यांचं मोठेपण.

फोन केला. लेकीने पहिल्या गाडीचं चित्र काढलंय. खिडकीतून मी हात हलवतोय. रेंज गेली असं म्हणून ठेवला. रेंज फुल होती.

१५ मे, शुक्रवार
डाव्या हाताला रुमाल बांधून जेवलो, दात घासले, बूट घातले. मेंदूला कळलं पाहिजे, आता मालक उजवा आहे. मेंदूला कळलंय. हातालाच कळत नाही. हात माझे, पण हुकूम बावीस वर्षांपूर्वीच्या उस्तादाचा पाळतात. काय करू? स्वतःच्या हाताला रिपोर्ट तर करता येत नाही.

मॅडम स्वतःच्या सुट्टीच्या वेळात मला दोन तास फिरवून आल्या. एकदाही चुकलो नाही. पास झालोच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

१६ मे, शनिवार
शेवटची टेस्ट. अकरा किलोमीटर बिनचूक. बाराव्याला एक कुत्रं आडवं आलं. मी विचार केला असता तर उजवीकडे कडेला घेतली असती. विचार करायला वेळ कुठे होता? हात डावीकडे वळले. डावीकडे समोरून येणारी बस होती. मॅडमनी स्टिअरिंग ओढलं. बस एका हातावरून गेली. आम्ही खड्ड्यात. मॅडमचं कोपर सुजलं. बसमध्ये माणसं होती, खिडक्यांतून बघत होती.

दुभाष्या म्हणाला, मॅडम म्हणतात, तुम्ही चांगले ड्रायव्हर आहात. पण मागे अकरा टँकर असताना पुढच्याच्या हाताला विचार करावा लागता कामा नये. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली. खरंच वाटली.

अर्थात कुत्रं नसतं तर पास होतो.

१८ मे, सोमवार
पहिली गाडी आचारी. शेजारी मॅडम, सुजलेला हात गळ्यात बांधून. साहेबांना म्हटलं, निदान शेवटच्या गाडीत, निदान शेजारी बसून. साहेब म्हणाले, आचारी चालला तर मेस कोण बघणार? तुम्ही मोकळेच आहात.

मोकळेच!

हिला अजून सांगितलं नाही. एकदा ताफा परत येऊ दे, मग शांतपणे समजावून सांगेन, कुत्र्यापासून.

१९ मे, मंगळवार
सहाला ताफा निघाला. मी मेसच्या दारातून बघितलं. आचाऱ्याने सर्कल सुरेख घेतलं. त्याचा ॲप्रन मला पोटावर आखूड होतो.

साठ माणसांचं जेवण. भात करपला. सूप पातळ झालं, पण पचायला हलकं.

२० मे, बुधवार, दुपारी चार
ताफा सुखरूप पोचला आणि परत आला. पाणी दवाखान्यात पोचलं. देवाची कृपा.

हिचा फोन आला. स्पीकरवर लेक. बाबा, घाट कसा होता, म्हणाली. ठरवलं होतं की खरं सांगायचं. तोंडातून निघालं, अवघड होता, पण हात बसलेला आहे. सतरा वळणं. लोकांनी हात हलवले का, विचारलं. हलवले, म्हटलं. तू हलवलास? हो.

मग हिने स्पीकर बंद केला आणि लेकीला दूध आणायला पिटाळलं. मग हळूच म्हणाली, अहो, आचाऱ्याची बायको मला शनिवारपासून रोज सगळं सांगतेय. बसचंही. मी पोरीला काही बोलले नाहीये, आणि तुम्हीही सांगू नका. तुम्ही धड आहात ना, तेवढं सांगा.

धड आहे म्हणालो.

ती म्हणाली, बटाटे सोलताना बोटं सांभाळा, आणि भाताला पाणी जरा जास्त घाला.