जास्वंदीचा चहा आणि बबनचा ग्लास

कशेळे, शुक्रवार संध्याकाळ

जिंकले आज. आठ दिवस जीपवाला बबन माझ्या टपरीवर जास्वंदीचा चहा घ्यायचा, अर्धा ग्लास तसाच ठेवायचा आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारायचा, "वयनी, ह्यो प्यायचा हाय का केसांना लावायचा?" राग यायचा. पण खोटं कशाला लिहू, चहा बुळबुळीतच व्हायचा.

चूक सकाळी पूजा करताना कळली. गणपतीला फूल अख्खं वाहायचं, म्हणून चहातही मी अख्खंच उकळत होते, देठासकट. केसांसाठीही असंच तर उकळते, तिथे बुळबुळ हवीच असते. इतकं साधं कसं सुचलं नाही मला?

आज नुसत्या पाकळ्यांवर कडकडीत पाणी ओतलं. लिंबू पिळल्याबरोबर जांभळट पाणी लालभडक झालं. बबन प्यायला. मग ग्लास पुढे सरकवून हळूच म्हणाला, "अजून एक द्या."

मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "प्यायला का केसांना?"

सगळा स्टँड हसला. त्यालाही हसावंच लागलं. दुसराही त्याने थेंब न ठेवता संपवला.

बाकीची भांडी कधीच घासून झाली. त्याचा ग्लास तेवढा धुवावासा वाटत नाहीये.